आत्याबाई आणि डावी भुवई

स्टुडिओत दोन मायक्रोफोन होते, तीन खुर्च्या होत्या, त्यांतली एक डुगडुगणारी. एक टेलिफोन, एक लाल दिवा, एक जाड काच आणि कॅमेरे शून्य. नव्या सूत्रसंचालकाने पहिल्या दिवशी दारात उभं राहून हे सगळं मोजलं, शेवटचा आकडा पुन्हा एकदा तपासला, आणि तरीही खिशातून कंगवा काढून केस विंचरले.

बावीस वर्षं टीव्हीवर काढलेला माणूस, सवय अशी जाते थोडीच! घरगुती भांडणं सोडवण्याचा त्याचा कार्यक्रम होता. दोन्ही बाजू सोफ्यावर येऊन बसायच्या, पोटभर भांडायच्या. हा ऐकून घ्यायचा, एकच प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचा. मग त्याची डावी भुवई सावकाश वर जायची. कॅमेरा त्या भुवईच्या जवळ जवळ यायचा, आणि जो खोटं बोलत असेल त्याला घाम फुटायचा. भुवईपुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. एका हवालदाराने तर मेव्हण्याची सायकल ढापल्याचं कबूल करून झाल्यावर, कुणी न विचारता, शाळेत केलेल्या कॉपीचंही सांगून टाकलं होतं.

पुढे वाहिनीने त्याच्या जागी एक तरुण मुलगा आणला. त्याच्या दोन्ही भुवया छान कोरलेल्या होत्या आणि एकही हलत नव्हती.

चोपन्नाव्या वर्षी नवं काय शिकणार? "तुम्हाला दुसरं येतं तरी काय?" बायको म्हणाली होती. "स्वयंपाक येत नाही, हिशेब येत नाही. एक भुवई येते." तेव्हा रेडिओ केंद्राने महिनाभर प्रयोग म्हणून तोच कार्यक्रम फोनवरून करायला बोलावलं आणि तो बुडत्याने काडी धरावी तसा धावत आला.

काचेपलीकडे ध्वनितंत्रज्ञ बसायची. चुणचुणीत, पंचविशीची मुलगी. तिने पहिल्याच दिवशी एका करड्या पेटीकडे बोट दाखवलं.

"काका, हिच्यापासून जपून. दहा सेकंद शांतता झाली की हिला वाटतं केंद्र बंद पडलं. मग ही आपणहून बासरी लावते. आम्ही हिला आत्याबाई म्हणतो."

"ते का?"

"घरात कुणी जरा गप्प बसलं की माझी आत्या लगेच 'काय झालं, कुणाशी वाजलं?' करत मध्ये पडते. अगदी तस्संच."

"आणि बासरी बंद कशी करायची?"

"करता येत नाही. आत्याला कुणी मध्येच गप्प केलंय का कधी?"

पहिल्याच कार्यक्रमात त्याने एका गृहस्थाला प्रश्न विचारला, सवयीने गप्प झाला आणि भुवई उचलली. पलीकडच्या गृहस्थाला वाटलं फोन कटला. त्याने रिसीव्हर ठेवला आणि तो आंघोळीला गेला. आत्याबाईंनी बासरी लावली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा केंद्रप्रमुख बाईंनी त्याला खोलीत बोलावलं. बाईंची बोलण्याची पद्धत अशी, की चहा देतानाही नोटीस देतायत असं वाटावं.

"लोक बासरी ऐकायला फोन करत नाहीत. तिसऱ्यांदा वाजली, की त्याच दिवशी आपला रामराम."

घरी त्याने हे सांगितलं तर बायको हसत सुटली. "अहो, मग बोलत राहा की! घरी कुठे थांबता?"

तो बोलत राहिला. पण बोलण्यात प्रश्नाची धार बोथट व्हायची. शेवटी त्याने एक शोध लावला: आत्याबाईंना शब्दच लागतात असं नाही, आवाज कुठलाही चालतो. मग तो प्रश्न विचारून गप्प बसू लागला आणि कपात चमचा ढवळू लागला. किण् किण् किण्. पेटी खूश होती. पण चमच्याच्या किणकिणाटात कुणाचं मन खात नाही, फक्त चहाची आठवण होते. एक बाई तर म्हणाल्या, "तुमचं होऊ द्या निवांत, मी मागाहून करते फोन."

महिना संपत आला तेव्हा केंद्रप्रमुख बाईंनी गोळाबेरीज मांडली. "कबुल्या शून्य. साखर किती घेता, असं विचारणारी पत्रं अकरा. उद्या शेवटचा कार्यक्रम. एक तरी भांडण सुटलं तर बघू, नाहीतर सोमवारपासून या वेळेला 'कुंडीतली बाग' हा कार्यक्रम."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसावं तर बासरी, बोलावं तर बाग.

शेवटच्या दिवशी फोनवर दोन साडू आले. एकाच घरातून, एकाच फोनच्या स्पीकरवर. सासूबाईंकडे जेवायला आलेले आणि ताटं घ्यायच्या आधीच जुंपलेली.

"मी याला माझी शिडी धडधाकट दिली," थोरला म्हणाला. "परत आली तर वरची तिसरी पायरी मोडलेली."

"माझ्याकडे आली तेव्हाच मोडलेली होती," धाकटा म्हणाला.

"म्हणजे मी खोटारडा?"

"मी कुठे म्हटलं? शिडी म्हणतेय."

"बघितलंत? ही भाषा! मोठ्या साडूशी!"

"मोठा कसला, लग्न आठच दिवस आधीचं."

सूत्रसंचालकाने दोघांनाही मनसोक्त भांडू दिलं. मग विचारलं, "शिडी थोरल्यांकडून थेट धाकट्यांकडे गेली?"

"नाही. मध्ये दोन दिवस इथेच होती, सासूबाईंच्या पडवीत," थोरला म्हणाला. "पण इथे कोण चढणार? आईंना गुडघ्यांमुळे पडवीची पायरीही चढवत नाही."

धाकट्याने हुंकार भरला. या एका बाबतीत दोघांचं एकमत दिसलं.

"मग त्या दोन दिवसांत," सूत्रसंचालक हळूच म्हणाला, "त्या शिडीवर कोण चढलं होतं?"

पलीकडे एकदम चिडीचूप. जावई कितीही तापला तरी सासूबाईंच्या घरात बसून सासूबाईंचं नाव कसं घेणार?

त्याचा हात चमच्याकडे गेला. बोटं चमच्याला लागलीही. काचेपलीकडे पेटीवरचे आकडे पळू लागले होते आणि तंत्रज्ञ मुलगी डोळे मोठे करून कप ढवळायची खूण करत होती. तिच्या मागे केंद्रप्रमुख बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याने चमचा उचलला, आवाज न करता खिशात ठेवला, कंगव्याशेजारी. आणि त्या कॅमेरे नसलेल्या खोलीत, समोरच्या भिंतीकडे बघत, डावी भुवई सावकाश वर नेली.

मुलीने एक हात वर केला, पाच बोटं. मग दुसऱ्या हाताचं एक, दोन, तीन. बाईंनी डोळे मिटून घेतले. चौथं बोट वर आलं.

"मी चढले होते," फोनवर एक म्हातारा, ठणठणीत आवाज आला.

"आई, तुम्ही?" दोन्ही साडू एकदमच ओरडले.

"हो, मीच. आ वासून बघताय काय?"

"पण तुमचे गुडघे…"

"गुडघे दुखतात, गळून नाही पडले. माळ्यावरचा रेडिओ काढून द्या म्हणून दोघांना सांगून जीभ झिजली माझी. हा म्हणतो रविवारी, तो म्हणतो यांना सांगा. या फोनवरच्या साहेबांचा कार्यक्रम टीव्हीवरून गेला, रेडिओवर आला. मग मी काय भिंत बघत बसू? घेतली शिडी, काढला रेडिओ. उतरताना पायरी मोडली."

सूत्रसंचालकाला हसू आवरेना. "मावशी, लागलं नाही ना? आणि मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?"

"लागलं काही नाही, रेडिओवर बसले मी. आणि सांगणारच नव्हते. भांडायला का होईना, दोघं रोज इकडे येत होते. छान चाललं होतं. पण तुम्ही ती भुवई उचललीत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आता बाई! बावीस वर्षं बघतेय. इतके दिवस नुसते चमचे वाजवत होतात, तेव्हाच म्हटलं, याची तब्येत बरी दिसत नाही. आज असे गप्प झालात आणि मला हातातली पोळी तव्यावर टाकवेना. उतरवा आता ती खाली. जावई उपाशी आहेत माझे."

त्याने भुवई उतरवली. दोन्ही साडूंनी रविवारी मिळून पायरी बसवायचं कबूल केलं, खिळे कुणाकडचे यावरून पुन्हा थोडं वाजलं, आणि लाल दिवा विझला.

केंद्रप्रमुख बाई पेटीवर वाकल्या. "किती झाली होती?"

तंत्रज्ञ मुलीने एक कळ दाबली आणि शेवटच्या शांततेची नोंद पडद्यावर आणली.

नऊ पूर्णांक सहा दशांश सेकंद.