शालीखालचा ताप

या, जवळ सरका मायबाप, सतरंजीवर जागा हाय अजून. एका डब्याच्या तापाची कथा सांगतो... आणि ती सुरू होते या स्क्रूपासून.

संगमेशच्या तळहातावरचा स्क्रू. आट्यांत काहीतरी काळं सुकलेलं — गंज नव्हे, ईरप्पाचं रक्त. सकाळी कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा उपसून त्याने धाकट्या भावाच्या तोंडावर हाणला, तेव्हा हा स्क्रू पत्र्यालाच लोंबत होता. आधी भुवई फाटली, मग डोळा रक्ताने भरला. "अण्णा, मी हात लावला न्हाय त्याला," ईरप्पा ओरडत होता, आणि संगमेश पुन्हा पत्रा उचलत होता, कारण काल संध्याकाळी अप्पांची शिवकीर्तनं नव्या डिस्कवर उतरत असतानाच हा डबा तापून बंद पडला होता, पुन्हा एकदा. आणि जुनी डिस्क आता आतून टकटकत होती. ती गेली की वारलेल्या बापाचा आवाज जगात कुठेच उरणार नव्हता. गेम खेळून डबा पेटवणारा दुसरा कोण असणार या घरात?

ईरप्पा डोळ्यावर टॉवेल दाबून एकटाच गंगावेशीतल्या दवाखान्यात गेला. अव्वाने, त्यांच्या आईने, फरशी पुसली.

आता आकडाच साक्ष देईल. कागलच्या फौंड्रीत संगमेश भट्टीचं तापमान रोज बघतो. घरातल्या भट्टीचं का नको? पत्रा परत बसवून, पडद्यावर लिनक्सचा काळा टर्मिनल उघडून त्याने तापमान दाखवणारा प्रोग्राम घातला. तो बोर्डावरचे सेन्सर शोधू लागला, आणि एकेका चिपला हात लावण्याआधी विचारू लागला — तपासू का? हो की नाही? संगमेशचं बोट थबकलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा परवानगी... सकाळी मी कुणाला विचारलं होतं?

आकडे आले. बावन्न अंश. त्याने कॉपी सुरू केली, डब्यावरचा दिवा लुकलुकू लागला. साठ, अडुसष्ट, आणि तिथेच स्थिर. बघा — ईरप्पा घरात नाही, तर ताप नाही! छातीत एक गोड, दुष्ट समाधान उसळलं. तो मोरीत हात धुवायला गेला.

परत आला तो आकडा त्र्याण्णव. आणि डब्यावर, वाऱ्याची जाळी पार झाकून, अप्पांची कीर्तनातली तांबडी शाल.

"अव्वा, हे काय?"

"दिवा लुकलुकतोय न्हवं? म्हंजे अप्पा गात्यात आत. उघड्यावर कसं ठेवायचं त्यास्नी?"

"कालबी घातलीस?"

"सारखीच घालते की. तू वरडशील म्हणून तू यायच्या आदी काढून ठेवते."

त्याने शाल हिसकली. काल... म्हणजे ईरप्पा... रक्त कानशिलात धडकलं. हीच शाल — कीर्तनात दयेचे अभंग गाऊन, कपाळावर विभूती तशीच घेऊन अप्पा घरी यायचे, आणि आमटी अळणी म्हणून पितळी टाळ भिरकावायचे. ईरप्पाचं डोकं फुटलं तेव्हा अव्वाने त्याला याच शालीत गच्च गुंडाळलं होतं, रडणं शेजारी जाऊ नये म्हणून. आत तो किती तापला असेल... आणि अव्वा, तू तेव्हाही गप्प, सकाळीही गप्प! त्याचा हात उठला. तोंड फोडावं, हे शांत, भाविक तोंड —

अव्वा मागे सरली नाही. तिने मान किंचित कलती केली फक्त, कानातली कुडी वाचावी अशी, वर्षानुवर्षांच्या सवयीने.

वर उठलेला तो हात संगमेशने बघितला. मनगटाचं ते हाड, ती आखूड बोटं, अप्पांचीच. अप्पांचा आवाज डिस्कमध्ये होता. हा मात्र इथे, त्याच्या खांद्याला जोडलेला, उतरवून कुठेही ठेवता न येणारा. पडद्यावर नव्वद, एक्क्याऐंशी, त्र्याहत्तर... डबा निवत होता. हाताचा आकडा कोण दाखवणार? मारावं हे आता वाटत नव्हतं, आणि खालीही येत नव्हता तो.

बाहेर फाटकाची कडी वाजली.

मायबाप, उठून घरी जाल, तुमचीही चूल पेटेल; तेव्हा त्या ईरप्पाला आठवा जरा — टाके घातलेल्या भुवईनं उंबऱ्याबाहेर एक चप्पल काढून उभा हाय तो, दुसरी काढावी की न्हाय, ते त्याला ठरवता येत न्हाय.