केसभर फट

तिचे वडील घड्याळजी. पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. खिडकीला लावलेलं टेबल, त्यावर काचेच्या झाकणांखाली उघडून ठेवलेली घड्याळं, आणि अप्पांच्या कपाळावर चढवलेलं भिंग, जे ते जेवतानासुद्धा काढायला विसरत. मधल्या खोलीत, दाराच्या अगदी लगत, तिनं आपलं टेबल मांडलं होतं. नवऱ्याला सोडून माहेरी आल्याला सात महिने झाले होते. या सात महिन्यांत अप्पांनी 'का आलीस' असं एकदाही विचारलं नव्हतं. 'किती दिवस' एवढंच विचारलं होतं, तेही आईला मध्ये घालून.

ती इमारतींचे नकाशे काढायची. लग्नानंतर हे काम सुटलं ते सुटलंच. आता कुठे एका बाईंच्या ऑफिसनं तिची परीक्षा घ्यायचं कबूल केलं होतं. सकाळी दहाला कच्चा आराखडा येणार, संध्याकाळी पाचच्या आत पक्का नकाशा परत पाठवायचा. जमलं तर घरी बसून कायमचं काम. परीक्षेच्या आदल्या दिवशी यायचा तो नवा कॉम्प्युटर नेमका परीक्षेच्याच दिवशी सकाळी नऊला दारात आला. खोकं फोडून तिनं घाईघाईनं तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली : बूट ड्राइव्ह सापडत नाही.

तिनं बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ. सेटिंगमध्ये शिरून बघितलं, तर ड्राइव्हच्या यादीत काहीच नाही, कोरी जागा. म्हणजे ज्याच्यावर सगळं भरलेलं असतं ती वस्तू या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नव्हती.

मग मदतकेंद्राला फोन. पलीकडचा माणूस गोड बोलणारा होता, पण कागदावरचं वाचून दाखवल्यासारखा बोलत होता. प्लग काढा, तीस सेकंद बटण दाबून धरा, पुन्हा लावा. क्रम बदला. मूळ सेटिंग परत आणा. पेनड्राइव्हवरून नव्यानं सगळं भरून बघा. तिनं तेही सुरू केलं, तर मशीन उलट तिलाच विचारायला लागलं की भरायचं कुठे.

"मॅडम, आता कॅबिनेट उघडा," तो म्हणाला. "आत च्युइंगगमच्या पट्टीसारखी एक पट्टी दिसेल. बसलीय का बघा."

साडेअकरा वाजले होते. फोन स्पीकरवर ठेवून तिनं बाजूचा पत्रा काढला. पट्टी होती. तिच्या टोकाला स्क्रू होता, तो घट्ट होता. स्क्रू घट्ट आहे म्हणजे पट्टी बसलेलीच असणार, असं तिनं धरून टाकलं.

इतक्यात अप्पा पाणी प्यायला आत आले. तिच्या खांद्यावरून वाकून त्यांनी आत नजर टाकली आणि सवयीनं भिंग डोळ्यावर ओढलं.

"बघू का मी?"

"नको अप्पा, हात लावू नका."

"कोण आहे मॅडम?" फोनमधून आवाज आला.

"कोणी नाही. वडील आहेत. त्यांना यातलं काही कळत नाही."

अप्पा क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग भिंग वर सारून, पाणी न पिताच, आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

बोलून गेल्यावर तिला जरा चुटपुट लागली. पण चुटपुटीला वेळ कुणाला होता? मदतकेंद्रानं दुपारी हात वर केले : ड्राइव्ह मेलेली दिसते, बदलून द्यायला चार दिवस लागतील. बाहेर कुठे जाऊन बसावं, तर ते नकाशाचं सॉफ्टवेअर भाड्याच्या मशीनवर मिळत नाही. तिनं मेमरी काढून परत घातली. तारा ओढून बघितल्या. दुसरी मेमरी पहिल्या जागी, पहिली दुसऱ्या जागी, असं करत राहिली. तीन वाजले, चार वाजले. आईनं दोनदा चहा आणून ठेवला आणि दोन्हीदा गार झालेला कप उचलून नेला. दुसऱ्या खेपेला आई काहीतरी बोलायला थांबली होती, पण नुसतंच कपाच्या कानाशी चाळवाचाळव करून गेली. साडेचारला तिनं ऑफिसात फोन करून दोन तास मागून पाहिले. बाई म्हणाल्या, "पाच म्हणजे पाच. आणखी दोघीजणी आहेत."

पाच वाजले तेव्हा ती उघड्या कॅबिनेटसमोर मांडीवर हात ठेवून बसली होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी अप्पा उठले. हात धुतले, कोरडे केले. आपला बारीक पेचकस घेऊन ते आत आले.

"प्लग काढ," ते म्हणाले.

वाद घालायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिनं प्लग काढला. अप्पांनी भिंग डोळ्यावर घेतलं, तो टोकाचा स्क्रू सैल केला, पट्टी एका बोटानं पुढे सरकवली. टक असा इवलासा आवाज आला. स्क्रू परत आवळला.

"लाव आता."

मशीन सुरू झालं. निळा पडदा आला, स्वागताची अक्षरं आली. तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती हसलीसुद्धा.

"अप्पा, कसं काय दिसलं तुम्हाला?"

"केसभर फट होती. पट्टीचे सोनेरी दात दिसत होते. पूर्ण आत गेलेली वस्तू अशी दात दाखवत नाही."

"पण तिथे स्टुलावरून, एवढ्या लांबून—"

"लांबून कशाला? सकाळी वाकलो होतो ना, तेव्हाच दिसलं."

तिचं हसू जागच्या जागी थिजलं. "सकाळी दिसलं? मग बोलला का नाहीत?"

"मला यातलं काही कळत नाही," अप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. पेचकस रुमालात गुंडाळता गुंडाळता त्यांनी ते सांगितलं, गिऱ्हाइकाला घड्याळ कधी मिळेल ते सांगावं तसं.

तिनं आईकडे बघितलं. आई दारात उभी होती आणि पदराला हात पुसत होती, कोरडे हात.

"तुला माहीत होतं?"

"जेवताना म्हणाले ते," आई म्हणाली. "म्हटलं, सांगतील संध्याकाळपर्यंत. मी मध्ये बोलले असते तर तुझ्यावरचा राग माझ्यावर निघाला असता. मला इथंच राहायचंय, बाई."

काम दुसऱ्या मुलीला मिळालं. तिला पुढे दीड महिन्यानं एका ठेकेदाराकडची किरकोळ दुरुस्तीची कामं मिळायला लागली. ती त्याच दाराशी बसून ती करायची, आणि पुढच्या खोलीत अप्पांना नवा विषय मिळाला होता. गिऱ्हाईक बसलं की घड्याळाचं झाकण उघडता उघडता सुरुवात व्हायची. "आमच्या नकाशेवाल्या बाई. सकाळपासून घाम गाळतायत. मदतकेंद्रवाल्यानं हात टेकले. मी एक बोट लावलं." गिऱ्हाईक वाहवा करायचं. हळूहळू त्यात भर पडत गेली. मदतकेंद्रातला माणूस इंजिनियर झाला, मग मोठा साहेब झाला.

एकदा एक जुने मास्तर आले होते, तिला लहानपणी गणित शिकवलेले. अप्पांचं सांगून झालं तेव्हा ती उठून बाहेर आली.

"मास्तर, पुढचं ते सांगत नाहीत," ती म्हणाली. "यांना ते साडेअकरालाच दिसलं होतं. माझं काम पाचला गेलं. पाच वाजून दहा मिनिटांनी हे उठले."

मास्तरांनी अप्पांकडे बघितलं. आता तरी अप्पांची मान खाली जाईल, असं तिला वाटलं होतं.

"हो, दिसलं होतं की," अप्पा म्हणाले. "म्हटलं, बघू तरी, हुशारी किती वाजेपर्यंत पुरते."

मास्तरांना हसू आवरेना. "अरे, तू म्हणजे अगदी हा आहेस," ते म्हणाले, डोळे पुसले, आणि मनगट पुढे करून पट्टा ढिला झाल्याची तक्रार सांगायला लागले.

त्या दिवसापासून अप्पांनी साडेअकराची गोष्टही त्यात घातली. लोकांना तीच जास्त आवडायची.

महिनाभरानं तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली भाड्यानं घेतली. अरुंद होती, खिडकी भिंतीवर उघडत होती. टॅक्सीत आधी कॉम्प्युटर ठेवला, मग कपड्यांची बॅग. आई जिना उतरून खाली आली, तिच्या हातात डबा दिला आणि वर बघत राहिली, कुणी बोलावतंय का ते ऐकत.

ती परत वर गेली. अप्पा भिंग लावून एका बायकी घड्याळावर वाकले होते.

"निघते, अप्पा."

त्यांनी मान वर केली नाही. चिमट्यात काहीतरी बारीक धरलेलं होतं.

"दार ओढून घे," ते म्हणाले. "धूळ येते."

तिनं दार ओढून घेतलं.