पांढरे लाकूड लागेपर्यंत

मी ब्लूबेरीचे एक जुने झुडूप आहे, मित्रांनो. उत्तर जर्मनीतल्या एका माळावर, आम्लयुक्त वाळूत माझी मुळे आहेत. हायनो ब्रामर नावाच्या शेतकऱ्याने मला लावले, तेव्हा मी त्याच्या बोटाएवढी काडी होते. त्याच्यामागे शेत त्याच्या मुलांकडे आले. बटाटे धाकटा एगर्ट बघायचा आणि आम्हा ब्लूबेरीच्या झुडपांना त्याची मोठी बहीण गेशे.

उन्हाळ्यात गावातली माणसे येऊन आपल्या हाताने फळे तोडायची. आधी माझ्याकडेच यायची. "याची चव वेगळीच," म्हणायची. मला त्याचे फारसे काही वाटत नसे, पण गेशेचा चेहरा उजळायचा.

एका वसंतात कळ्या फुगल्यानंतर कडक थंडी पडली आणि माझ्या सालीला चिरा गेल्या. त्या चिरांतून बुरशी आत शिरली. मला काही कळलेही नाही. त्या उन्हाळ्यात माझी एक फांदी फळांसकट वाळली. पाने तपकिरी झाली, पण गळली नाहीत, तशीच लटकत राहिली. गेशेला वाटले, पाणी कमी पडले. तिने पाणी वाढवले. पुढच्या वर्षी दुसरी फांदी गेली.

मग ती कात्री घेऊन आली. वाळके तेवढे कापायची आणि हिरवे दिसले की थांबायची. कापलेल्या जागी लाकडात बुरशीचा तपकिरी पट्टा असायचा. तो तिला दिसायचा. पण त्याच्या खाली फळांच्या कळ्या असायच्या, आणि तिचा हात पुढे जायचा नाही. त्याच कात्रीने ती पुढच्या झुडपाकडे वळायची. बुरशी अशी रांगभर फिरली. माझ्याबरोबर लावलेले शेजारचे झुडूप मेले.

"सगळी उपटून टाक, ताई," एगर्ट म्हणाला. "इथंही बटाटे लावतो."

"तुला काय त्याचं. जन्मात कधी ब्लूबेरी आवडीनं खाल्ली नाहीस तू."

"म्हणून तर मला नीट दिसतंय. तू कापत नाहीस, गोंजारतेस."

गेशेने कात्री त्याच्यापुढे धरली.

"मग तूच काप. माझ्याच्यानं नाही होत. पण पांढरं लाकूड लागेपर्यंत थांबायचं नाही. आणि प्रत्येक झुडपानंतर पातं स्पिरिटनं पुसायचं."

पानगळ झाल्यावर एका कोरड्या सकाळी तो कामाला लागला. फांद्यांमागून फांद्या भराभर पडल्या. शेवटी माझी सगळ्यात जाड फांदी उरली, कळ्यांनी भरलेली. त्याने करवतीने वर कापले, तपकिरी. खाली कापले, तरी तपकिरी. मग त्याचाच हात थांबला.

"ही एवढी राहू दे का गं? बाबांनी लावलेलं झुडूप आहे."

"खाली," गेशे म्हणाली.

"याच्याखाली काही उरतच नाही."

"अजून खाली, एगर्ट."

त्याने करवत जमिनीलगत टेकवली. या वेळी लाकूड पांढरे निघाले. दोघांनी वाकून पाहिले.

"ढीग गोठ्यामागे ठेवतो," थोड्या वेळाने एगर्ट म्हणाला. "वसंतात ईस्टरच्या सणाला गावचा जाळ पेटतो, त्यात जाईल."

"तोवर पावसाबरोबर सगळी बुरशी परत रांगेत येईल. आजच पेटव."

तो धूर माझ्या उरलेल्या बुंध्यावरून गेला. वसंतात माझ्या मुळांतून फुटवे आले. रांगेतल्या काही झुडपांना आले नाहीत. ती एगर्टने उपटली, पण बटाटे लावले नाहीत. मला अजून फळ नाही, त्यामुळे लोक माझ्याकडे न बघता पुढे जातात. त्यात त्यांचे काही चुकत नाही.

मित्रांनो, वाळकी फांदी दिसली तर नुसते पाणी घालून निघून जाऊ नका. कापून आत बघा, आणि एकदा कापायला घेतले की मध्येच थांबू नका. मला इतके खाली कापले, त्याची माझी तक्रार नाही. शेजारच्या झुडपाला वेळेवर कोणी असे कापले नाही. त्याच्या जागी आता नुसती वाळू आहे.