गेडनींच्या परसातलं बटण

इंग्लंडातल्या आमच्या नॉरफकात शेतमालकाची परवानगी गेली, की धातुशोधक यंत्र म्हणजे नुसती महागडी काठी. म्हणून शेतमालक गेडनींच्या परसात सापडलेलं पितळी बटण मी जपूनच पुसलं.

"खापरपणजोबांचं! कर्नल होते ते," गेडनी म्हणाले.

मागे कोरलेल्या कारखान्याच्या पत्त्यावरून साल निघालं १८४०. पुढे मात्र शेजारच्या हवेलीचं चिन्ह, कोल्हा, होता. असली बटणं हवेलीच्या नोकरांच्या कोटाला असत. थोडक्यात, कर्नलसाहेब तिथे ताटं उचलत होते.

"काय रे, काय कळलं?"

"हवेलीचा नोकर तुमच्या परसात घुसला होता, साहेब."

गेडनींचा चेहरा उजळला.

"हवेलीवाले तेव्हापासूनचे चोर आहेत लेकाचे! खण, पुढच्या वर्षीही खण. पुरावे हवेत मला!"