चकचकराव

"अगं ताई, सोड्यात कोण घालतं अ‍ॅल्युमिनियम!"

चकचकरावानं कपाळाला हात लावला. टेबलावर भाऊजींनी स्वतःच्या हातानं बनवलेलं छोटं विमान सुटं करून ठेवलं होतं. दोन पंख, शेपूट, नाकावरची टोपी, सगळं काळवंडलेलं. भाऊजी डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात, आणि ते परत येतील तेव्हा विमान कसं लख्ख दिसावं म्हणून ताईनं ते दुपारभर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवलेलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

"उद्या येतायत रे ते," ताई पदर डोळ्याला लावत म्हणाली. "पट्टी सुटली की पहिलं हेच मागतील."

"रडू नकोस. बत्तीस वर्षं भांड्यांच्या कारखान्यात काय माश्या मारल्या मी?"

चकचकराव हे नाव भाऊजींनीच चिडवायला ठेवलेलं. त्याला ते मनापासून आवडायचं. पण या विमानाला भाऊजींनी कुणाला कधी बोट लावू दिलं नव्हतं, त्यालासुद्धा नाही. म्हणून ते सगळे भाग घरी नेताना तो आतून सुखावला होता, खोटं कशाला बोला.

त्यानं पॉलिश पेपर पाण्यात भिजवून काळेपणा काढला. खाली बारीक बारीक रेघा दिसल्या, रेघांच्या कडेनं ठिपके, शेकड्यांनी. भाऊजींना बिचाऱ्यांना दिसत नव्हतं, ठेवता-उचलताना चरे पडले असणार. कारखान्यात एका चऱ्यासाठी अख्खा डबा परत यायचा. त्यानं पेपर आणखी घासला, मग पॉलिशची वडी लावून सगळं कापडी चाकावर धरलं. संध्याकाळपर्यंत एक रेघ शिल्लक ठेवली नाही पठ्ठ्यानं.

दुसऱ्या दिवशी ताईनं त्याला जिन्यातच गाठलं. "नाही झाला रे उपयोग. उजेड-अंधार तेवढा कळतो म्हणे."

विमानाची पिशवी सावरत तो वर गेला.

भाऊजी खुर्चीत बसले होते. "चकचकराव आले वाटतं. आण बघू विमान."

त्यानं पंख त्यांच्या मांडीवर ठेवला. भाऊजींची बोटं कडेपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"रेघा कुठायत?"

ताईनं चकचकरावाकडं पाहिलं.

"दोन वर्षं सुईनं कोरत होतो. प्रत्येक पत्र्याचा सांधा, प्रत्येक रिव्हेटचा ठिपका. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हटलं, तेव्हा मनात म्हटलं, असू दे, विमान तर बोटांनी दिसेल."

"अहो, मीच ते सोड्यात..." ताई पुढं आली.

"नाही, ताईचा दोष नाही," चकचकराव म्हणाला. "मी घासलं, भाऊजी. मला चरे वाटले. माफ करा."

भाऊजींनी पंख मांडीवर उलटा केला.

"चकाकतंय तरी का?"

"हो."

"तोंड दिसतं?"

"दिसतं."

भाऊजींनी पंख आरशासारखा आपल्या तोंडासमोर धरला. "मग सांग, कसा दिसतोय मी?"

चकचकराव त्यांच्या खांद्याशी वाकला. पंखात दोघांचे चेहरे होते, अगदी स्वच्छ. एवढं चांगलं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

"दाढी वाढलीय, भाऊजी."

भाऊजींनी मान हलवली. त्यांचा अंगठा पंखावरून फिरतच होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि कुठंच अडत नव्हता.