डाव्या हाताची गिटार

पट्टी निघाली, पण एकटी नाही निघाली. येताना गिटारच्या मानेच्या लाकडाचा नखाएवढा कपचा सोबत घेऊन आली.

ग्रंथपालाने हातोडी खाली ठेवली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. कपचा होता तिथेच होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिच्यावर त्याने बायकोची गिटार आडवी ठेवली होती. तारा सैल सोडलेल्या, डोक्याशी हे नवं भगदाड. आयुष्यभर त्याने पुस्तकं लावली, काढून दिली, परत घेतली. हत्यारांशी त्याचं कधी जमलं नाही. भिंतीत खिळा ठोकायचा तरी तो आधी मनातल्या मनात भिंतीची माफी मागत असे.

सकाळी काम किती सोपं वाटलं होतं!

त्याची बायको घरी गिटार शिकवायची. मुलं तिला टीचर म्हणायची, मग शेजारी म्हणायला लागले, आणि पुढे कधीतरी तोही. गेल्या थंडीत तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभ शाबूत राहिली. "तेवढं तरी बरं," असं टीचर सगळ्यांना सांगायची. ग्रंथपालाला मात्र एखाद्या दिवशी, चहा तिसऱ्यांदा गरम करताना, तेवढंच वाईट असंही वाटून जाई. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालू लागला. हात मात्र आला नाही. कुणी तरी सांभाळायला ठेवून गेलेल्या वस्तूसारखा तो मांडीवर पडून असायचा. टीचर उजव्या हाताने त्याच्यात मऊ चेंडू कोंबायची आणि दाबण्याचा हुकूम सोडायची. चेंडू घरंगळत पलंगाखाली जायचा. ग्रंथपाल गुडघे धरत वाकायचा आणि काढून आणायचा. दिवसातून किती वेळा, ते त्याने मोजणं सोडून दिलं होतं.

गिटार कपाटावर होती. टीचर तिच्याकडे बघत नसे. "हात आला की काढू," एवढंच म्हणायची.

आणि मग एक दिवस व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ग्रंथपालाला दवाखान्याच्या दाराबाहेर गाठून हळूच सांगितलं, "काका, पाय छान सुधारतोय. हाताचं मात्र फार धरून बसू नका. म्हणजे त्यांना सांगू नका, पण तुम्ही धरून बसू नका."

न सांगण्यात तो पटाईत होता. घरी येऊन त्याने भाजी चिरली, औषधं दिली, आणि मग त्याच्या डोक्यात ही कल्पना शिरली. गिटारच्या तारा दाबतो डावा हात, छेडतो उजवा. टीचरचा उजवा तर ठणठणीत आहे. मग गिटारच उलटी केली तर? जाड तारा बारीक तारांच्या जागी, बारीक जाडांच्या. दाबायचं काम उजव्याकडे द्यायचं, आणि छेडायचं तेवढं डाव्याकडे. त्याला नुसतं वरखाली हलायचं. तेवढं तर तो करेल!

टीचरला विचारावं असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण विचारलं की ती कारण विचारणार, आणि कारण त्या बाईंनी दाराबाहेर सांगितलं होतं. म्हणून तो नेहमीसारखा पुस्तकाकडे गेला. जुन्या वाचनालयात त्याला अजून मान होता. वाद्यांच्या कपाटात अगदी हवं ते प्रकरण मिळालं, आकृतीसकट.

आज टीचर व्यायामाला गेल्यावर त्याने गिटार खाली काढली. तारा बदलल्या, आणि पहिली अडचण आली. मानेच्या टोकाला हाडाची एक पांढरी पट्टी असते, तिच्यात तारा बसायला खाचा असतात. जाड तार बारीक खाचेत बसेना. त्याने कानशीने खाच रुंद केली. बसली. जरा जास्तच बसली. तार इतकी खाली गेली की छेडल्यावर मानेवरच्या धातूच्या फ्रेटवर आपटून बाटलीत अडकलेल्या माशीसारखी गुणगुणायला लागली. दुसऱ्या बाजूला बारीक तार रुंद खाचेत सैल पडून इकडेतिकडे सरकत होती. तिथे त्याने खायचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब टाकला; हा उपाय पुस्तकात नव्हता, हार्डवेअरच्या दुकानदाराने सांगितला होता. "आजोबा, दगडासारखं होतं," तो म्हणाला होता. आता तिथे दगडासारखा एक फोड आला होता.

मग पट्टीच काढून तिच्याखाली काही सरकवावं आणि तारा उचलाव्यात असं ठरलं. म्हणून हातोडी. म्हणून कपचा.

पट्टीखाली घालायला त्याने वाचनालयातली जुनी, बाद झालेली सूचीपत्रं कापली. पहिला तुकडा पुरेना, म्हणून दुसरा, मग तिसरा. आता माशी गेली, पण तारा इतक्या उंच झाल्या की दाबायला अंगठ्याने जोर लावावा लागे, आणि एवढं ताणून दाबली की तार चढीच बोलायची. मोकळी छेडली तर ठीक, दाबली की चढी. त्याच्या अडाणी कानालासुद्धा कळत होतं.

खचून त्याने पुस्तकाचं पान उलटलं. पुढच्या पानावर, प्रकरणाच्या शेवटी लिहिलं होतं, 'हे काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे.' वाचकांना नोकरीभर तो सांगत आला होता, पुस्तक शेवटपर्यंत वाचत जा.

निदान कपचा तरी चिकटवून टाकू, असं म्हणून त्याने सुपरग्लू पिळला. नळी आधी काहीच देईना, मग एकदम सगळंच दिलं. त्याने घाईघाईने कपचा जागेवर धरला, अंगठा आणि दोन बोटांनी घट्ट दाबून. पुस्तकात नसलं तरी एवढं तर कुणालाही समजतं. जरा वेळाने हात काढायला गेला, तर गिटारही हाताबरोबर उचलली गेली.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

टीचरला दवाखान्यातून आणणारी गाडी आज लवकर आली होती. ग्रंथपालाने हात ओढून पाहिला, हिसडून पाहिला. घंटा पुन्हा वाजली, आणि बाहेरून टीचरचा आवाज आला, "अहो, झोपलात का? मला फार वेळ उभं राहवत नाहीये!"

ते ऐकल्यावर दुसरा इलाज नव्हता. गिटारची मान डाव्या हाताला जडलेली, धड बगलेत, असा तो दाराशी गेला आणि उजव्या हाताने कडी काढली.

गाडीवाल्याने टीचरला उंबरठ्यावर टेकवलं, ग्रंथपालाकडे पाहिलं, आणि "काका शिकताय वाटतं! चांगलंय, चांगलंय," म्हणून निघून गेला.

टीचरने आधी नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग हात, मग गिटार.

"हे काय?"

"चिकटलीय."

"कोण?"

"मी. म्हणजे हात. सुपरग्लू."

टीचरच्या चेहऱ्याची उजवी बाजू हसायला लागली. काठी थरथरायला लागली तशी तिने भिंतीला पाठ टेकली. "अहो, तुमचं म्हणजे... साठी उलटून गेली तरी... थांबा, ओढू नका, कातडं निघेल. माझ्या ड्रॉवरमध्ये नखांचा रंग काढायचं औषध आहे, ते—" आणि ती थांबली. हसूही थांबलं. तिची नजर तारांवर गेली होती.

"तारा अशा का आहेत?"

 उलट्या बाजूने लावलेल्या तारा टीचरला न सांगता वाचता येणार होत्या. आपलं नाव कुणी उलट क्रमाने लिहिलं तर आपल्याला येतं तसं.

"आधी बसते," ती म्हणाली.

तिला खुर्चीत बसवताना गिटार दोघांच्या मध्ये येत होती. औषध लावून, गरम साबणाचं पाणी लावून, एकेक बोट सोडवलं. औषध जिथे ओघळलं तिथलं पॉलिश पांढरं पडून चिकट झालं. तेही टीचरने पाहिलं.

"मला उजव्या हाताने दाबायला लावणार होतात," ती शेवटी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"तुझा उजवा चांगला आहे, म्हणून म्हटलं..."

"म्हणजे डावा येणार नाही, हे तुम्ही ठरवून टाकलंत."

"अगं, मी कोण ठरवणारा."

"मग कोणी ठरवलं? त्या बाईने?" त्याची मान खाली गेली तेव्हा तिला उत्तर मिळालं. "वाटलंच मला. हल्ली चेंडू आणून देताना तुम्ही 'दाब' म्हणत नाही. नुसता हातात ठेवता आणि खिडकीबाहेर बघता."

हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. आठवून पाहिलं, तर खरं होतं.

"मी दमतो गं," तो म्हणाला. एवढ्या महिन्यांत हे तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि बोलल्यावर त्याला लाजेने कुठे पाहावं कळेना.

"मी काय नाचतेय?" टीचर म्हणाली. मग बराच वेळ ती टेबलावरच्या सोड्याच्या डबीकडे, कानशीकडे, सूचीपत्रांच्या कातरणांकडे बघत राहिली. "तारा सरळ करा."

"आत्ता? अगं, जेवण व्हायचंय तुझं. कारागिराकडे नेतो ना उद्या."

"उद्या न्या. आत्ता तारा सरळ करा. मला तिला अशी बघवत नाही."

त्याने पुन्हा तारा सोडवल्या. टीचर खुर्चीतून सांगत गेली. "ती नाही, तिच्या पलीकडची. अहो, दोन वेढे पुरेत, दोरीने गाठोडं बांधताय का? आता पिळा. हळू! तुटली तर डोळ्यात जाईल." त्याच्या बोटांची कातडी सोलवटली होती, तार प्रत्येक वेळी नेमकी तिथेच लागत होती. जाड तारा आपापल्या जुन्या जागी गेल्या. तिथल्या खाचेतला सोड्याचा फोड तेवढा आधी कानशीने घासून काढावा लागला. बारीक तारांच्या खाचांचा मात्र सत्यानाश झाला होता, तरी कागदांवर उंच बसलेल्या पट्टीत त्या कशाबशा अडकल्या. मग टीचरने डोळे मिटले आणि खुंट्या फिरवून घेतल्या. "वर. अजून. उतरवा. पुरे." बाकी सगळं बदललं होतं, तिचा कान तेवढा होता तसा होता.

"द्या इकडे."

गिटार तिच्या मांडीवर ठेवायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. धड डाव्या बाजूला कलत होतं. तिथे त्याने उशी लावली आणि खाली जमिनीवर बसला, कारण जवळ दुसरी खुर्ची नव्हती आणि ती आणायला उठायचं त्राण नव्हतं.

टीचरने उजव्या हाताने सहाही तारा एकापाठोपाठ एक छेडल्या. मोकळ्या. स्वयंपाकघर त्या आवाजाने भरलं आणि हळूहळू रिकामं झालं. अगदी सुरात होतं सगळं. मोकळ्या तारांना त्याने काय करून ठेवलंय ते माहीतच नव्हतं. 'एवढंच वाजवलं तर हिला कधी कळणारही नाही,' असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराने त्याला बरं वाटण्याऐवजी गळून गेल्यासारखं झालं.

मग तिने उजव्या हाताने डावा हात मनगटापाशी धरून उचलला आणि मानेवर नेऊन ठेवला. बोटं एकेक करून तारांवर मांडली.

"अगं, तारा फार उंच आहेत. मलाच दाबवत नव्हत्या—"

"गप्प बसा हो जरा."

तिने छेडलं. थप्प असा आवाज आला. बोट तारेवर नुसतं पडून होतं. पुन्हा थप्प. तिच्या कपाळावर शीर उभी राहिली. ग्रंथपालाने खिडकीकडे पाहिलं, मग आठवून नजर पुन्हा तिच्या हाताकडे आणली. थप्प. थप्प. अंगठा मानेमागून घसरला, तिने तो पुन्हा बसवला. तिचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. त्याला वाटलं, आता पुरे म्हणावं, वरणभात गरम करावा, तिला झोपवावं, मग आपणही पडावं.

आणि एक स्वर आला. बारीक, फाटका, लगेच विझलेला. आणि चढा.

"बेसूर," टीचर म्हणाली.

"ती पट्टी माझ्याच हातून उंच झालीय," तो घाईघाईने म्हणाला. "मोकळी असते तेव्हा ठीक वाटते, पण दाबली की लगेच—"

तो बोलता बोलता थांबला.

टीचर त्याच्याकडे बघत नव्हती. तिने घसरलेलं बोट पुन्हा उचलून त्याच तारेवर ठेवलं होतं.

थप्प.

"दाब," ग्रंथपाल म्हणाला.

"दाबतेच आहे," ती खेकसली. "तोंडाने सांगायला काय जातंय!"

थप्प. पुन्हा थप्प. जेवणाची वेळ टळून गेली होती. तो जमिनीवरच बसून राहिला.