मापाबाहेरची जास्वंद

"भाऊ, हलवू नका ना, गाठ सुटतीय!" नवनाथ ओरडला.

ज्योतीराम कुंडीपुढे गुडघे टेकून जास्वंदीची फांदी धरून बसले होते, आणि शेजारचा नवनाथ काळ्या दोऱ्याने तिला एक लालभडक फूल बांधत होता. फूल चौकातल्या फुलवाल्याकडचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. कुसुमताईंचा व्हिडिओ कॉल. नवनाथ पटकन सोफ्यामागे दडला.

"अहो, आलं का फूल आज?"

"आलंय की. हे बघ." ज्योतीरामांनी फोन झाडाकडे वळवला आणि चटका बसल्यासारखा लगेच आपल्याकडे फिरवला.

कुसुमताईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "बरं झालं. पानी घाला. आन् हात न्हाई लावायचा त्याला."

"मी कशाला हात लावू?"

फोन ठेवला तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. हा माणूस जन्मात कधी खोटं बोलला नव्हता, आणि खोटं बोलायला सवय लागते.

कुसुमताई तळेगावला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. रीतीप्रमाणे योगिनीनेच माहेरी यायचं, पण तळवड्यातलं हे माहेर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. म्हणून आईच माहेरपण पिशवीत भरून लेकीकडे गेली आणि जाताना जास्वंद नवऱ्याच्या हवाली केली. ही जास्वंद साधीसुधी नव्हती. चाकणजवळ कुसुमताईंच्या आईच्या दारात तिचं मूळ झाड होतं. आई गेली, भावांनी जागा विकली, आणि जेसीबी यायच्या आदल्या दिवशी कुसुमताई एकट्याच जाऊन एक फांदी घेऊन आल्या. तिथे आता गोदाम आहे. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते या कुंडीत.

पण ते माहेर फार हातपाय पसरत होतं. बाल्कनीच्या दाराशी ठेवलेली कुंडी, त्यामुळे ये-जा करायची तर अंग चोरून. फांदीत अडकून ज्योतीरामांचा चष्मा दोनदा पडला होता. आणि ज्योतीरामांना मापाबाहेरचं काही खपत नसे. चाकणच्या एका कंपनीत ते सारी नोकरी इन्स्पेक्टर होते. माप तपासायच्या लोखंडी गेजमधून तुकडा गेला तर पास, नाही तर रिजेक्ट. मापात नसलेला माल चालवून घ्यायचा असेल तर 'डेव्हिएशन' म्हणून एक चिठ्ठी असते, तिच्यावर इन्स्पेक्टरची सही लागते. मॅनेजर येत, गोड बोलत, मग आवाज चढवत. ज्योतीरामांनी एकदाही सही केली नाही. "आज एक दिली की उद्या दुसरी मागत्यात," म्हणायचे. कुणापुढे मान म्हणून वाकवली नाही. निरोप समारंभात साहेबांनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं आणि मनातल्या मनात पेढे वाटले.

तेव्हा बायकोची पाठ वळताच त्यांनी नवनाथच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये सळईची एक चौकट करून घेतली. दर रविवारी ती झाडावरून उतरवायची. जे बाहेर राहील ते कात्रीने साफ. झाड नुकतंच जावळ काढलेल्या पोरासारखं गुळगुळीत झालं. हिरवंगार, टुमटुमीत. ज्योतीराम खूश होते. फक्त फूल येईना.

मग दोघांनी कंपनीच्या पद्धतीने 'का-का' करून मूळ कारण शोधायला घेतलं.

"झाड का फुलत नाही?" ज्योतीरामांनी विचारलं.

"खत कमी पडलं."

"का कमी पडलं?"

"तुम्ही घातलं नाही."

"मी का घातलं नाही?"

"वहिनींनी हात लावू नका म्हणून सांगितलंय."

"म्हणजे मूळ कारण कुसुम," ज्योतीराम म्हणाले, आणि दोघांनी समाधानाने चहा घेतला.

आणि एक दिवस कुसुमताईंचा निरोप आला, उद्या येते. ज्योतीरामांनी शेवटची छाटणी करायला घेतली. अर्धं झाड झालं आणि कात्रीतून पडलेला एक शेंडा त्यांनी सहज चष्म्यासमोर धरला. टोकाला हिरवं, गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. दुसरा शेंडा उचलला. त्यालाही होतं. ती कळी होती. फूल धरत होतं ते नव्या शेंड्याला, आणि नवा शेंडा तेवढाच दर आठवड्याला गेजच्या बाहेर येत होता.

ज्योतीरामांनी कात्री खाली ठेवली. जन्मभर खराब माल अडवला आणि घरी येऊन चांगला माल भंगारात काढला. रविवारमागून रविवार कुसुमच्या आईचं अंगण ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई आल्या, चप्पल काढून थेट झाडाशी गेल्या. फांदीवर काळ्या दोऱ्याचे तुकडे तसेच होते.

"माझ्या आईच्या फुलाला पाच पाकळ्या," त्या म्हणाल्या. "तुमी दावत व्हता ते झेंडूवानी गच्च. कुटनं आणत व्हता?"

"चौकातनं," ज्योतीराम म्हणाले. "तुला कळलं होतं?"

"पयल्याच दिवशी. फुलामागं नवनाथ भावजींचं बोट बी दिसलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"लगीन झाल्यापास्नं कदी फूल आणलं न्हवतं तुमी माझ्यासाठी. म्हणलं, आणताय रोज, तर कशाला बंद करू?"

ज्योतीरामांनी ओल्या कचऱ्याची बादली पुढे ओढली. मग त्यांनी कळ्यांचं सगळं खरं सांगून टाकलं. कुसुमताई तुटक्या टोकांवरून बोट फिरवत राहिल्या. डोळे भरले, ते पदराने पुसले.

"आई बी छाटायची," त्या म्हणाल्या. "पन एका वेळी सगळं न्हाई. फुलून झालेली एक फांदी कापायची, बाकीच्या ऱ्हाऊ द्यायच्या." मग कोपऱ्यातली चौकट उचलून त्यांनी आपल्या अंगाला लावून बघितली. "ह्यात मी बी बसायची न्हाई."

चौकटीवर आता नातवाची दुपटी वाळतात. योगिनी बाळाला घेऊन राहायला आली आहे, तीन जिने चढून. छाटायची राहिलेली एक फांदी वाढत वाढत बाल्कनीच्या दारात बरोबर कपाळाच्या उंचीवर आडवी आली. टोकाला टपोरी कळी.

"भाऊ, ही पार मापाबाहेर गेली की," नवनाथ कात्री शोधत म्हणाला. "उडवू?"

"असू दे," ज्योतीराम म्हणाले. "डेव्हिएशन दिलंय."

नवनाथ कात्री शोधायचा थांबला.

परवा सकाळी ज्योतीराम चौकातून आले, तेव्हा कळी उमलली होती. लाल, पाच पाकळ्यांची. कुसुमताई बाल्कनीत उभ्या राहून बघत होत्या. ज्योतीरामांच्या हातात फुलाची पुडी होती, रोजच्यासारखी. ती कुसुमताईंना नेऊन द्यायची होती. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, मान खाली घातली आणि फांदीखालून वाकून बाल्कनीत गेले.